मायची चकमक

आमगावजवळच्या आमच्या भाताच्या बांधीत नांगराला दगडाची पाती लागत. बोटाएवढी, पातळ आणि भलती धारदार. लहानपणी आम्ही पोरी त्यांनी कैऱ्या सोलायचो.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत नागपूरहून एक मास्तर ती पाती पाहायला आले. फार जुन्या माणसांची हत्यारं आहेत, म्हणाले. त्यांना एकच शोधायचं होतं, हा दगड आला कुठून? आमच्या मातीत तर तसला दगड नाही.

बाबांनी एक पातं जिभेला लावलं, उन्हात धरलं. "चिचगडच्या टेकडीचा होय. माह्या सासुरवाडीचा." मास्तर हसले. वहीत लिहिलंसुद्धा नाही.

माझं डोकंच फिरलं. माझ्या बापाला हसतो म्हणजे काय? मी बाळंतपणाला माहेरी आलेली, म्हणजे काही लहान नव्हते. पण अक्कल कुठे होती?

घरात कोनाड्यात मायची चकमक होती. लग्नात तिनं चिचगडहून आणलेली. माय जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाबा रोज त्या चकमकीवर पोलाद घासून ठिणगी पाडत, सावरीच्या कापसावर विस्तव धरून चूल पेटवत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मायच्या अंगठ्यानं दगडाची एक कड गुळगुळीत झाली होती. बाबा आपला अंगठा नेमका तिथेच टेकवत.

बाबा बैलांना पाणी पाजायला गेले, तेवढ्यात मी ती चकमक मास्तरांच्या हातात दिली. म्हटलं, ही चिचगडचीच आहे, लावा जुळवून. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. आतला रंग पाहिल्याशिवाय ओळख पटत नाही, असं म्हणत त्यांनी पिशवीतून हातोडी काढली आणि मी "थांबा" म्हणेपर्यंत ठोकलीसुद्धा.

तीन तुकडे झाले. आत त्या पात्यांचाच मधासारखा पिवळा रंग, त्याच तांबड्या रेघा. बाबा आले तेव्हा मास्तर खुशीत होते. "तुमचंच खरं निघालं," म्हणाले, आणि आता वहीत लिहिलं.

ते गेल्यावर बाबा ओट्यावर बसून तुकडे एकमेकांना लावून पाहत राहिले. गुळगुळीत कडेचा भुगा झाला होता. रडायला तरी तोंड कुठे होतं मला?

"कायले आनली व तू बाहेर?"

"तुमाले हासून राहिला होता तो."

बाबांनी तुकडे गमछ्यात गुंडाळले. मग म्हणाले, "हासू द्याचं होतं, बाई."