एक सूत कमी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि नितीनला तर नाहीच. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणूनच कदाचित तुमच्यापाशी तोंड उघडतंय.

नितीन माझा मित्र. कारेलीबागेत एकाच सोसायटीत आमची घरं. त्यांचं घराणं संस्थानच्या फौजेतलं — घाबरट हा शब्द त्यांच्याकडे शिवीसारखा वापरत. मी वाघोडियाच्या एका कारखान्यात डिझेल पंप तपासायचो. बाहेरचा माल तेव्हा नुकता मोकळेपणी येऊ लागला होता, आणि नितीनने कुठल्याशा भंगारातून शर्यतीच्या गाडीचं जुनं इंजिन पैदा केलं. आमचे दोन वर्षांचे रविवार त्याभोवती गाडी बांधण्यात गेले. गाडी त्याने चालवायची, इंधनाचं मी बघायचं.

या इंजिनाचा इंधनपंप इंजिनाबरोबरच फिरतो. ते थांबवायला नुसता स्विच बंद करून भागत नाही. तापलेलं इंजिन मिळेल त्या इंधनावर पेटत राहतं. इंधनाचा कॉक बंद करावा लागतो. त्याची दांडी चालकाच्या हाताशी, मधे केबल. कॉक पुरता बंद होतो का, हे बघणं सोपं — दांडी ओढायची, नळीत फुंकायचं, दुसरं टोक पाण्यात धरायचं. बुडबुडा आला तर कॉक गळतोय.

मी ते बघितलं होतं, पण वरची बॉडी चढवण्याआधी. बॉडी चढली की केबल जास्त वाकते. हे मला ठाऊक नव्हतं? माझी रोजीरोटीच ती होती.

"बॉडी चढवल्यावर पाछं चेक केलंस ने, परत एकदा?" नितीनने विचारलं होतं.

"केलं," मी म्हणालो. भूक लागली होती. दुसरं काही कारण नाही.

एका बंद कारखान्याच्या आवारातली सरळ सडक. नितीन सुटला छान. पण शेवटाला वेग उतरलाच नाही, गाडी मातीच्या बांधावर चढून उलटली आणि तेव्हा कुठे इंजिन थांबलं. लोक त्याला दवाखान्यात घेऊन गेले. मी गाडीपाशी थांबलो — आग लागेल म्हणून, असं सांगितलं. सगळे गेल्यावर दांडी ओढून पाहिली. कॉक एक सूत कमी फिरत होता. एक सूत म्हणजे किती? तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. मी केबलचा नट तीन आटे फिरवला, तसा कॉक पुरता बंद होऊ लागला.

दुसऱ्या दिवशी चारचौघांसमोर तपासणी करून दाखवली. फुंकलं, एकही बुडबुडा नाही. कॉक चांगला आहे, म्हणजे दांडी ओढलीच गेली नाही. हे मला बोलावंही लागलं नाही.

नितीनचा पाय प्लास्टरमध्ये होता. "मी ओढली होती रे, साचं सांगतो."

"घाईत होतं असं," मी म्हणालो, "ओढल्यासारखं वाटतं." हे मी इतक्या मायेने म्हणालो, की आठवलं की स्वतःची किळस येते.

काही महिने तो ओढली म्हणायचा. मग ओढली असेल म्हणायला लागला. वर्षभरात तोच लोकांना सांगू लागला की ऐन वेळी आपला हात चालला नाही — आणि वर हसायचा. एकदा त्याच्या वडिलांनी ते ऐकलं आणि ते उठून आत गेले. मी शेजारीच बसलो होतो. काय केलं मी? चहा संपवला. नितीनने पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही.

मागच्या वर्षी त्याने मुलीला, मुक्ताला, माझ्याकडे गाडी शिकायला पाठवलं. माझ्याहून भरवशाचं त्याला कुणी वाटेना. मुलगी चांगली चालवते, पण समोरून ट्रक आला की बिचकते. तिसऱ्या दिवशी तिने गाडी कडेला घेतली.

"मी बाबांवर गेलेय का हो काका? तेव्हा ते खरंच घाबरले होते?"

"हो, घाबरला होता," मी म्हणालो, आणि तिला गाडी पुन्हा सुरू करायला सांगितली.