डोकी की जिपा?

कुणीही आकडा सांगितला की सुमनअक्का पहिला प्रश्न विचारायच्या, "डोकी की जिपा?" मी सभेहून येऊन "अक्का, हजारभर माणसं होती" म्हणालो तरी हेच. नवा माणूस बिचकायचा. आम्ही जुने गालातल्या गालात हसायचो. पण हा प्रश्न जन्मला त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं.

जळगावच्या एका दैनिकाच्या धुळे ऑफिसात मी बातमीदार होतो. सुमनअक्का मूळच्या दोंडाईच्याच्या. ऑफिसातल्या दोन मुलींना हाताशी घेऊन त्या कॉम्प्युटरवर धुळ्याचं पान लावायच्या. बी.एस्सी.ला गणित होतं आणि ते त्या कुणाला विसरू द्यायच्या नाहीत. "भागाकार मला विचारा, मशीनला कशाला त्रास?" असं म्हणून समोरच्याचा कॅल्क्युलेटर सरळ ड्रॉवरमध्ये टाकायच्या.

छपाई जळगावला. पान तयार झालं की लिफाफ्यात घालून संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचं. बस पारोळ्याला पंक्चर झाली की पानही पारोळ्यालाच! मग नव्वदच्या दशकात कधीतरी मोडेम आला, फोनच्या तारेतून पान पाठवणारा डबा. डब्यावर वेग लिहिलेला, सेकंदाला नऊ हजार सहाशे बिट. पानाची फाईल दहा लाख बाईटची. अक्कांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि जळगावला आमच्या संपादकांना, भाऊसाहेबांना, फोन ठोकला. "भाऊसाहेब, दोन मिनिटांत पान देते. चहा ओतेपर्यंत हजर!"

भाऊसाहेब खूश. त्यांनी लगेच फर्मान काढलं, धुळ्याच्या बातम्या सातपर्यंत घ्या, पाच मिनिटांत पान मला द्या. झालं! रोज सातला पान निघायचं आणि डबा किंचाळत बसायचा. पान पोहोचायला सव्वासात उलटून जायचे. तिकडे छपाई खोळंबायची आणि इकडे फोन वाजायचा, "दोन मिनिटांचं पान, मग उरलेला वेळ तुम्ही भजी खाता काय?" भजी आम्ही खायचो, खोटं कशाला बोलू, पण ती पान निघाल्यावर! आठवडाभरात त्यांनी सांगून टाकलं, सोमवारपासून धुळ्याचं पान जळगावातच लागेल. म्हणजे अक्का आणि त्या दोघी पोरी घरी. त्यातल्या एकीचं तर नुकतंच लग्न ठरलं होतं आणि सासरच्यांनी नोकरी पाहूनच होकार दिला होता.

त्या दुपारी अक्का खिडकीतून समोरच्या जीप स्टँडकडे बघत राहिल्या. खाली "पारोळा, पारोळा" असा पुकारा चालला होता. भरलेली एक जीप निघाली, क्लीनर मागे लटकला, आणि अक्कांनी कपाळावर हात मारला.

"अगं माय! बठ्ठी चूक मनी शे!"

चिडल्या किंवा हरखल्या की अक्का थेट अहिराणीवर यायच्या. सगळी चूक आपलीच म्हणताहेत, एवढं कळलं आणि आम्ही धावलो.

"अरे, मोडेम डोकी मोजतो आणि फाईल जिपा मोजते! एक बाईट म्हणजे एक जीप. आत आठ बिट, ते प्रवासी. पण जीप आपली आपण जाते का? पुढे ड्रायव्हर, मागे क्लीनर, तसा प्रत्येक बाईटच्या पुढे एक बिट आणि मागे एक. झाली दहा डोकी. सेकंदाला डोकी नऊ हजार सहाशे, पण जिपा किती? नऊशे साठ! मग दोन मिनिटं कसली, सतरा लागणारच. आणि मी बी.एस्सी.!"

मी म्हटलं, "सांगून टाका, डब्यावर चुकीचं लिहिलं होतं."

"का? डबा खरंच बोलला. डोक्यांना जिपा मी समजले."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या जळगावला गेल्या. केबिनमध्ये शिरताच म्हणाल्या, "चूक माझी आहे, भाऊसाहेब. मला काढा, पोरींना नको."

डोकी आणि जिपा ऐकून भाऊसाहेब वैतागले. "अक्का, आकड्यांत गुंडाळू नका मला."

"मग घड्याळ काढा. धुळ्याहून पोरी आत्ता पान सोडतील. सतरा मिनिटं होऊन गेल्यावर, अठरा व्हायच्या आत ते इथे येईल. नाही आलं तर मी उद्यापासून दोंडाईच्याला."

मोडेम किंचाळला. भाऊसाहेब मनगटावर डोळे लावून बसले. अक्का ऐटीत बसल्या होत्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी तर मनातल्या मनात सगळे देव बोलावले. सतरावं मिनिट संपलं. आणखी वीसेक सेकंद गेले. आणि पडद्यावर आमचं धुळ्याचं पान उमटलं.

भाऊसाहेब खो खो हसले. "म्हणजे पोरी भजी खात नव्हत्या!"

"खात होत्या," अक्का म्हणाल्या, "पण जिपा सुटल्यावर."

बातम्यांची वेळ साडेसहा झाली, पान धुळ्यातच राहिलं आणि पोरीचं लग्न थाटात लागलं. अक्का मात्र स्वतःची ही फजिती भेटेल त्याला रंगवून सांगायच्या. एवढी हुशार बाई आपल्या चुकीवर एवढी मनापासून हसलेली मी दुसरी पाहिली नाही.

काही वर्षांनी त्या निवृत्त होऊन दोंडाईच्याला गेल्या. तेव्हा नवा, वेगवान मोडेम आला होता. त्यांच्या जागी आलेल्या मुलीने डब्यावरचा आकडा वाचला आणि उत्साहाने जळगावला फोन लावला, "साहेब, अर्ध्या मिनिटात पान पाठवते!"

पलीकडून भाऊसाहेबांचा आवाज अख्ख्या ऑफिसला ऐकू आला.

"डोकी की जिपा, बाई?"

आम्ही पोट धरधरून हसलो. मग माझी नजर अक्कांच्या खुर्चीवर गेली आणि मला चक्क रडू आलं.