गाईच्या आंबोणातले काळे दाणे

बाजरी मिठाच्या पाण्यात बुडवायची, हे मी माहेरी कधी पाहिलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या सुगीत, पारनेर तालुक्यातल्या सासरी ते शिकले. बाजरी फुलोऱ्यात असताना आठवडाभर झिमझिम होती. कणसांवर चिकट थेंब आले आणि पुढं त्याच जागी काळे, टोकदार दाणे धरले. ती बुरशी होती. तसल्या बाजरीची भाकरी खाल्ली की माणूस ओकून ओकून गळून पडतं. मिठाच्या पाण्यात चांगली बाजरी तळाशी बसते, काळा दाणा वर तरंगतो. तो काढून घ्यायचा.

सासूबाईंनी बजावलं होतं, "लांब खड्ड्यात पुरून ये. उकिरड्यावर बी टाकू नगं."

पण आदल्या वर्षी, दुष्काळात, मी कडब्याची एक पेंढी गाईला दोन दिवस पुरवली होती. खाण्यासारखं काही मातीत पुरायला हात धजेना. वर आलेल्या दाण्यांत पोचट बाजरीही होती, शिवाय खारट, म्हणजे गाईच्या आवडीची. तीन दिवस मी ते तिच्या आंबोणात, भिजवलेल्या पेंडीत, कालवलं. शहाणपण सगळं माझं. विचारलं कुणालाच नाही.

गाय नुकतीच व्यालेली. चौथ्या दिवशी तिची कास लोंबली आणि दूध आटलं. आठ दिवसांची कालवड ढुशा देऊन देऊन थकायची आणि तिथंच बसायची. दुष्काळातून आमची तेवढी एकच गाय वाचली होती.

पारनेरहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "खुराकात काय देता?"

"पेंड," मी म्हणाले. सासूबाई शेजारीच गाईला धरून उभ्या होत्या.

मग डॉक्टर बांधावर गेले. तिथल्या अंजन गवताच्या तुऱ्यांतही तोच चिकटा, तेच काळे दाणे. "बाजरीचा रोग याही गवताला लागतो. हे गुरांच्या तोंडी लागू देऊ नका. दूध येईल परत, पण तोवर कालवड जगवा."

कालवड जगवली शेजारच्या चाचीनं. तिच्या शेळीला दोन करडं होती. त्यांच्या तोंडचं दूध ती सकाळ-संध्याकाळ तांब्यातून आणायची आणि स्वतःचं बोट चोखायला देऊन कालवडीला पाजायची. ते उपकार मी आजही विसरलेले नाही.

सासूबाई विळा घेऊन बांध साफ करायला लागल्या. दोन दिवस वाकून वाकून त्यांची कंबर धरली, बोटं कापली. मला ते बघवेना. बांधावर जाऊन सगळं सांगून टाकलं.

त्यांचा विळा थांबला नाही. "ठावं हाय. गव्हाणीला मीठ लागलेलं दिसलं, तवाच कळलं."

"मग डॉक्टरांना का न्हाई सांगितलंत, आत्याबाई?"

"गवत बी रोगटच हाय की. कापायचंच हुतं. आन् तुझं नाव गावभर कशाला करायचं?" मग म्हणाल्या, "आता उभी काय ऱ्हातीस? घरातला दुसरा विळा आन."

पंधरवड्यानं कास भरली. आधी कालवड पोटभर प्याली. मग काढलेला पहिला तांब्या सासूबाईंनी माझ्याच हातानं चाचीकडं पाठवला. चाची म्हणाली, "आता जरा खुराक मला इचारून देत जा." म्हणजे तिलाही माहीत होतं. दोघींपैकी एकीनंही ते कधी तिसऱ्या कानाला जाऊ दिलं नाही.

बाजरीचं दुसरं पोतं फोडलं त्या दिवशी माझी खात्री होती की हे काम आता माझ्याकडून काढून घेतील. सासूबाईंनी घमेलं माझ्यापुढं ठेवलं, मिठाचा डबा दिला आणि वैरणीला निघून गेल्या. मागं वळूनही बघितलं नाही.

खड्डा मी कमरेइतका खणला.