डाव्या डोळ्याच्या पापण्या

खर्ड्यात स्टँडवरून किल्ल्याकडे निघालं की उजव्या हाताला ‘सविता लेडीज पार्लर’ अशी पाटी लागते. पाटीवर एका बाईचा चेहरा आहे आणि तिचा एक डोळा दुसऱ्याच्या चांगला दीडपट आहे. पेंटर दुसऱ्या डोळ्यापाशी पोचला तेव्हा पत्रा संपत आला होता, एवढंच त्याचं कारण. सविताने पाटी बदलून घेतली नाही. असली बाई दारावर असली की आत यायला कुणाला लाज वाटत नाही, हे तिचं मत. जाहिरातीवरच्या जाड पुस्तकांत हा मुद्दा आलेला नाही, पण लग्नसराईत त्या पाटीखाली चपलांचा ढीग पडलेला असतो.

पार्लरच्या आधी सविता ऊसतोडीला जायची. नवरा अंगद आणि ती, अकरा हंगाम. दिवाळीच्या आसपास संसार ट्रकमध्ये टाकायचा, कारखान्याच्या रानात पाचटाची कोपी उभी करायची आणि उन्हाळा लागला की परत यायचं. अकराव्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय घसरला आणि गुडघा कामातून गेला. अंगद तोडीला गेला की ही कोपीत पाय पसरून मोबाईल बघत बसायची. मोबाईलमध्ये एक बाई डोळ्यांवर खोट्या पापण्या चिकटवत होती. सविताने ती बाई बत्तीस वेळा बघितली. पुढे जामखेडला रीतसर शिकून आली, पण खरं शिक्षण झालं ते पाचटात.

कोयता धरून तिच्या तळहाताला पडलेले घट्टे अजून गेलेले नाहीत. त्याच हाताने ती चिमट्यात खोट्या पापण्यांची केसाएवढी बारीक पट्टी उचलते. पट्टी आधी डोळ्यावर धरून मापायची आणि जास्तीची बाहेरच्या टोकाकडून कापायची. आतल्या टोकाकडून कापली तर पापण्यांचा उतार बिघडतो. मग ती बोटाभोवती गुंडाळून मऊ करायची, कडेला डिंकाची रेघ ओढायची आणि थांबायचं. हे थांबणंच लोकांना जमत नाही. सविता तीस आकडे मोजते. ओला डिंक घसरतो, वाळलेला धरत नाही. त्या दोन्हींच्या मधला जो क्षण असतो त्यावर तिचं घर चालतं. नंतर आरसा मांडीवर ठेवायचा, हनुवटी वर, नजर खाली, आणि पट्टी आधी मधोमध टेकवायची, मग दोन्ही टोकं.

तिच्याकडे एक नियम आहे. उजवा डोळा ती करते, डावा जिचा तिने करायचा. तोडीच्या गावांतल्या पोरी लग्न होऊन कुठे कुठे जातात. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली की दीडशे किलोमीटरवरून फोन येतो, आणि फोनवरून पापणी लावता येत नाही. म्हणून हा नियम.

“समद्यांला शिकवून टाकतीस,” अंगद म्हणायचा. “मग तुझ्याकडं येईल कोन?”

“धाकट्या बहिनी,” सविता म्हणायची.

वैशाखात बनुबाई आपल्या पोरीला, स्नेहलला, घेऊन आली. लग्नाला नऊ दिवस होते. स्नेहल जामखेडला झेरॉक्सच्या दुकानात कामाला. चार वर्षांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्यावर चाई पडली आणि पापण्यांचे सगळे केस गेले. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, येतील किंवा येणारही नाहीत. हे सांगायला नगरला कशाला जावं लागलं, असं बनुबाईला तेव्हापासून वाटत होतं.

नवऱ्यामुलाला, पारनेरकडच्या हर्षलला, स्नेहलने हे पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. तो “कुठला डोळा?” म्हणाला. म्हणजे लपवाछपवीचा प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता की चार वर्षांत स्नेहलने एकही फोटो समोरून काढलेला नव्हता. ग्रुप फोटोत ती कायम डाव्या टोकाला, तोंड वळवून. झेरॉक्स देतानासुद्धा गिऱ्हाइकाकडे उजवा गाल.

“लग्नात मला सरळ बघायचंय, ताई,” ती सविताला म्हणाली. “आणि दुसऱ्या दिवशी तिकडं गाव बघायला येईल, तेव्हा पण. तिथं तुम्ही नसणार. माझं मला आलं पाहिजे.”

“मग ह्या डोळ्याला मी हात लावनार न्हाई,” सविता म्हणाली. “लग्नादिवशी पन न्हाई. शब्द झाला.”

पहिले दोन दिवस चिमटा जवळ आला की डोळा गच्च मिटायचा. सविताने चिमटा काढून घेतला आणि सांगितलं, “बोटानं धर. आन् तोंड उघडं ठिव. तोंड उघडं असलं की डोळा मिटत न्हाई.” शास्त्राला हे ठाऊक आहे की नाही कोण जाणे, पण स्नेहलचा डोळा उघडा राहिला. चौथ्या दिवशी पट्टी बरोबर जागी बसली आणि दहा मिनिटांत गोमेसारखी गालावर उतरली. पाचव्या दिवशीही तेच.

सविताने डिंकावर संशय घेतला. त्याच ट्यूबमधून एक पट्टी स्वतःच्या डोळ्याला लावली आणि दिवसभर तशीच वावरली, धुणं धुतलं, भाकऱ्या थापल्या. संध्याकाळी अंगद दारात थबकला. एका डोळ्याने साधी आणि दुसऱ्याने नटी असलेली बायको त्याला चहा विचारत होती. पट्टी हलली नव्हती. डिंक निर्दोष सुटला.

दुसऱ्या दिवशी तिने स्नेहललाच पापणीवरून बोट फिरवायला लावलं आणि ते बोट आपल्या नाकाशी नेलं. एरंडेल.

“तेल लावतीस व्हय गं?”

“मी नाही. आई लावते. पहाटे, मी उठायच्या आत. केस यावेत म्हणून.”

“कवापासनं?”

“गेले तेव्हापासून.”

सविता स्वतः बनुबाईच्या घरी गेली. बनुबाई अंगणात लग्नाचे गहू निवडत होती. सविता सुपाच्या पलीकडे बसली आणि दोन मुठी निवडून झाल्यावर म्हणाली, “मावशी, तेलावर डिंक धरत न्हाई. तेल बंद करा.”

बनुबाईचा हात थांबला. “म्हंजी आता येनारच न्हाईत म्हन की.”

“मी तसं म्हनले का?”

“मग काय म्हनतीस? तू खोट्या लावून दे, मी खऱ्यांची वाट बघती. तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी.”

“डोळा एकच हाय, मावशी.”

‘येतील हो’ म्हणणं सोपं होतं आणि त्या अंगणात आलेला प्रत्येक माणूस चार वर्षं तेच म्हणून चहा पिऊन गेला होता. सविता म्हणाली, “येतील का न्हाई मला ठावं न्हाई. डाक्टरला पन न्हाई. लग्न गुरुवारी हाय, येवढं ठावं हाय. चार वर्सं तुमी लावलं. आता चार दिस तिला लावू द्या.”

बनुबाईने सूप जोराने पाखडलं. खडे, कोंडा आणि उत्तर एकदमच उडालं. सविता उठून आली. पण दुसऱ्या दिवशी स्नेहल आली तेव्हा पापणी कोरडी होती.

हळदीच्या दिवशी नवीन संकट निघालं. हळद तेलात कालवतात, आणि ती लावताना बायांना नवरीचा डोळा आणि गाल यांतला फरक कळत नाही. स्नेहलची आत्या लंकाबाई दोन्ही हात भरून पुढे आली, तशी बनुबाई पदर खोचून मध्ये उभी राहिली.

“डोळ्याला कुनी हात लावायचा न्हाई!”

“अगं बया, हळद हाय का आसिड?” लंकाबाई म्हणाली. “आन् चार वर्सं तेलाची बाटली घिऊन कोन हिंडत हुतं गं?”

“मीच हिंडत हुते. पायाला लाव. पाय लई मोठं हायेत तिचं.”

बायका हसल्या, नवरीसुद्धा. लंकाबाईने खरोखरच गुडघ्यापर्यंत पाय माखून काढले.

गुरुवारी बारा पस्तीसचा मुहूर्त. सव्वाबाराला उजवा डोळा तयार झाला आणि सविताने डाव्याची पट्टी स्नेहलपुढे ठेवली. पहिल्यांदा पट्टी तिरकी बसली. काढली, पुसली. दुसऱ्यांदा मांडवातून कुणीतरी हाक मारली आणि तेवढ्यात डिंक वाळला. कर्णा ओरडू लागला, “नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं!” मामा दाराबाहेर दर मिनिटाला खोकत होते.

“सविते, लाव की गं,” बनुबाई कळवळून म्हणाली. “तुझ्या हातचा मळ हाय त्यो!”

सविताचे हात शिवशिवत होते. तिने ते सरळ मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

“शब्द दिलाय, मावशी.”

स्नेहलने कुणाकडेच बघितलं नाही. डिंकाची रेघ ओढली. तीस मोजले, ओठ हलताना दिसत होते. शालू, मुंडावळ्या, हिरवा चुडा आणि आ वासलेलं तोंड, अशी ती मांडीवरच्या आरशावर वाकली. मध्य टेकला. बाहेरचं टोक. आतलं टोक. पट्टी सूतभर वर बसली होती. ते जगात एकट्या सविताला दिसलं आणि ती बोलली नाही.

अकरा मिनिटं उशीर झाला. भटजींनी तो मंगलाष्टकांतून वसूल केला. अंतरपाट खाली आला तेव्हा स्नेहल समोर बघत होती, हर्षलकडे, मग फोटोवाल्याकडे. फोटोवाला सवयीने म्हणाला, “ताई, इकडं सरळ बघा.” बघतच होती.

पाठवणीला मात्र ती आईच्या गळ्यात पडून रडली, आणि पाण्यापुढे डिंकाचं काय चालणार! डाव्या डोळ्याचं आतलं टोक सुटलं. सविताला ते दहा पावलांवरून दिसलं. दुखऱ्या गुडघ्याने ती गर्दीतून पुढे घुसली आणि पर्समधला आरसा काढून धरला.

स्नेहलने तो घेतला नाही. हुंदका आवरला, पदराच्या टोकाने पापणी टिपली आणि सुटलेलं टोक बोटाने चाचपून जागेवर दाबून धरलं. गाडीवाला हॉर्न वाजवत होता, लंकाबाई “पोरीच्या डोळ्यात काय गेलं गं?” म्हणून विचारत होती, बनुबाई लेकीचा कोपर धरून उभी होती. बोट निघालं. टोक राहिलं. मग स्नेहल पुन्हा आईच्या गळ्यात पडली आणि उरलेलं रडणं तिने नीट पूर्ण केलं.