कापलेलं पान

डिंकाचा वास आला की मला आमच्या गढा मोहल्ल्यातल्या शाळेचा तो वर्ग आठवतो, जिथे दर रविवारी आमचं लेखन शिबिर भरायचं. आपलं काहीतरी छापून यावं म्हणून आलेले आम्ही आठ-दहा जण होतो. सरांचा नियम असा, की कथा शेजाऱ्याला द्यायची, आणि त्यानं नको तेवढं कात्रीनं कापून उरलेलं डिंकानं चिकटवायचं. माझ्या शेजारी फॅक्टरीतून रिटायर झालेले एक काका बसायचे. त्यांची कथा बायकोवर होती. सकाळी ती चहा ठेवते, तिथेच मला शेवट दिसला. पुढच्या पानाच्या चार ओळी वाचून मी ते कापलं आणि टोपलीत टाकलं. सरांनी वर्गासमोर माझं कौतुक केलं. पुढच्या रविवारी काकांनी हळूच विचारलं, "बेटा, ते पान ठेवलं काय तू?" बाकी सगळ्यांनी झेरॉक्स दिली होती, काकांना तसं देणं बरं वाटलं नव्हतं, त्यांनी हातानं लिहिलेली एकुलती प्रतच दिली होती. त्या पानावर, त्यांनी सांगितलं, काकूंचा दवाखान्यातला शेवटचा दिवस होता. "पुन्हा लिहा ना, काका," मी म्हटलं. "नाही होत आता. चलो, असू दे. या कागदावर ती अजून चहा ठेवून राहिली." काकांची ती कथा आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात आली, शेवटाची तारीफ झाली, पण काका पुन्हा शिबिराला आले नाहीत. आता ते नाहीत. शिबिरं मी घेते, कथा कुठे थांबवायची ते शिकवते. त्या चार ओळींतली एकही मला आठवत नाही.