नऊ पिनांचा पोर्ट

रेडियमवाली रागीट आहे असं सगळी गल्ली म्हणते. असेल. पण तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं स्क्रूड्रायव्हर फेकून मारला असता. हिनं नुसता टेबलावर आपटला.

गाड्यांच्या काचांवर, दुकानांच्या दारांवर चिकटवायची अक्षरं कापायची, हे तिचं काम. कटर जुना, पण अक्षराची कड अशी काढतो की नखाला लागत नाही. त्याची अट एकच. त्याची केबल नऊ पिनांच्या पोर्टातच जाते, आणि हल्लीच्या कॉम्प्युटरला तो पोर्ट सहसा नसतो. जुना कॉम्प्युटर जळाला, बसगाड्यांचं मोठं काम अडलं, तेव्हा तिनं ठरवलं की या खेपेला एकेक भाग आपणच निवडायचा आणि आपणच जोडायचा. जेवणं उरकली की फोनमध्ये डोकं घालून बसायची. शेवटी सापडला तसा मदरबोर्ड. दिसायला रुक्ष, ऑफिसात असतो तसला, पण मागे नऊ पिना. मग त्यावर बसेल तो प्रोसेसर, त्याला चालेल ती रॅम, सगळं जुळवून दुकानात सांगून ठेवलं. दिराला एवढंच म्हणाली, "भाऊजी, येताना खोकी तेवढी उचलून आणा."

भाऊजींनी खोक्यांबरोबर शहाणपणही आणलं. "वहिनी, तो बोर्ड अगदीच टुकार होता. बदलून घेतला. याच्यात रंगीत दिवे लागतात."

मागे नऊ पिना नव्हत्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, प्रेमानं आणलंय त्यानं," नवरा म्हणाला.

"प्रेम होतं तर आधी एक फोन करायचा."

"एवढंच ना? मधे कन्व्हर्टर लावू," भाऊजी म्हणाले. तिनं दातओठ खात सगळं जोडलं, कन्व्हर्टरही लावला. कटरनं 'प्रवेश'मधला 'प्र' कापला, 'वे' अर्धा कापला आणि ढिम्म. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"मग आता कटरच बदला की. मी सुचवतो चांगला."

स्क्रूड्रायव्हर आपटला तो इथे.

"या कटरवर माझं पोट आहे, भाऊजी. त्याला काय लागतं ते या घरात फक्त मला ठाऊक. मला विचारायला तुम्हा दोघा भावांची जीभ का जड होते?"

तिनं एकूण एक स्क्रू काढला, बोर्ड खोक्यात घातला आणि थेट दुकान गाठलं.

"साहेबच बदलून गेले," दुकानदार म्हणाला. "साहेबांना पाठवा, मग बघू."

"बोर्ड माझा आहे," ती म्हणाली आणि गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसली. गिऱ्हाइकं तिला वळसा घालून जात होती. दुपारी त्यानं मुकाट्यानं तिचा बोर्ड काढून दिला.

घरी पुन्हा पहिल्यापासून जोडणी. कटर जरा कुरकुरला आणि सुरू झाला, कुठेही न अडता. पण पहिलं काम बसगाड्यांचं नव्हतं. पिवळी, ठसठशीत अक्षरं कापून तिनं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या काचेवर चिकटवली, रंगीत दिवे दिसायचे होते बरोबर तिथे. 'आधी मला विचारा.'

संध्याकाळी भाऊजी आले. वाचून हसले. "वहिनी, हे कुणासाठी?"

"ज्याला सांगितलेलं ऐकू येत नाही, त्याच्यासाठी," ती म्हणाली आणि बसगाड्यांच्या कामाला लागली.