ताईच्या लग्नातलं भाषण

चारचौघांत बोलायला मला शिकवलं ते पनवेलच्या एका निवेदिकाबाईंनी. लग्नांत माईक सांभाळणं हा त्यांचा व्यवसाय. अजूनही मोगऱ्याचा वास आला की हारवाल्याच्या दुकानावरची त्यांची खोली आठवते. घरातला पहिला पदवीधर म्हणून ताईच्या लग्नात मीच बोलायचं ठरलं होतं. माझं भाषण वाचून बाई म्हणाल्या, "आमदार आहेत, सरपंच आहेत, दोन बिल्डर आहेत. अरे, बहीण कुठंय?" मी म्हणालो, "ही नावं घेतली नाहीत तर मामा भर मांडवातून उठून जातील." "जाऊ देत, जेवायला येतील परत! तिनं तुझ्यासाठी काय केलं, तेवढंच सांग." मग दुपारभर त्यांनी माझ्याकडून तेवढंच घोटून घेतलं. नेरे गावच्या मांडवात मी सांगितलं, की दहावी नापास झालेली ताई भाकऱ्या थापताना समोर माझं इंग्रजीचं पुस्तक उघडं ठेवून पाठांतर ऐकायची, आणि एक अक्षर कळत नसतानाही मी अडखळलो की पिठाच्या हाताने टपली मारायची. तेवढ्यात नवरीच्या खुर्चीतून ताई ओरडली, "मंग पास कोन झाला, सांग ना सगल्यांना!" हशा, शिट्ट्या, टाळ्या! दुसऱ्याच दिवशी मी बाईंना पत्र लिहिलं: "मामा उठले खरे, पण टाळ्या वाजवायला. आता मुलीच्या लग्नात स्वतःच बोलणार म्हणतात. त्यांना शिकवाल का?"